सीआरपी वाढलाय आणि बीपी पण. नेमका संबंध काय?

बोरीकाठ (अमळनेर)
नमस्कार मंडळी. इथं दवाखान्यातली, लॅबमधली आणि स्वतः भोगलेली अशी सगळीच माणसं आहेत म्हणून इथंच विचारतो. माझा मोठा भाऊ, वय ४६, कपाशी नि मका करतो. बीपी १५२/९६ च्या आसपास येतंय, दोन वेगवेगळ्या ठिकाणी मोजलं तरी तेच. त्याने ते पॅकेजवालं फुल बॉडी चेकअप केलं, त्यात एचएस-सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) ४.८ आलाय आणि बाजूला लाल अक्षरात 'हाय रिस्क' छापलंय. साखर काठावर आहे. डॉक्टरांनी बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० लिहून दिली पण भाऊ ऐकत नाही, त्याने मोबाईलवर कुठेतरी पाहिलं की बीपीचं मूळ म्हणजे आतली सूज, सूज गेली की बीपी आपोआप उतरतं, मग जन्मभराची गोळी कशाला मागे लावून घ्यायची. एकाने त्याला सूज उतरवणाऱ्या कॅप्सूलचा डबा पण आणून दिलाय. वहिनीच्या जीवाला घोर लागलाय. तर सीआरपी वाढल्याने बीपी वाढतं की बीपीमुळे सीआरपी? आणि गोळी थांबवून आधी सूज उतरवायची याला काही अर्थ आहे का?

केळीवाला_रावेर
अर्थबिर्थ मागून पाहा भो, आधी गोळी चालू करायला लावा. आमच्या काकांनी असंच 'बघू, बघू' केलं आणि अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. केळीचे घड उचलणारा माणूस आता चमचा डाव्या हाताने धरतो. राग मानू नका पण ही चर्चा करायला वेळ आहे, गोळीला नाही.

गिरणाथडी_डॉक्टर
रावेरच्या भाऊंचं बरोबर आहे, पण बोरीकाठ दादांचा प्रश्नही चांगला आहे आणि त्याचं उत्तर फक्त 'गोळी घ्या' एवढंच दिलं तर भाऊ ऐकणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी चाळीसगाव भागात प्रॅक्टिस करतो, असे पॅकेजचे रिपोर्ट घेऊन येणारे आता रोज असतात.

सीआरपी म्हणजे लिव्हरने बनवलेलं एक प्रोटीन. शरीरात कुठेही जंतू, जखम, जुनाट दाह (म्हणजे भाऊ म्हणतो ती आतली सूज) असं काही असलं की तिथल्या पेशी आयएल-६ नावाचा निरोप सोडतात आणि लिव्हर सीआरपी बनवायला घेतं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात हे पहिल्यांदा सापडलं. म्हणजे ही मूळची न्यूमोनियातली खूण, हार्टवाल्यांनी ती फार नंतर उचलली. हृदयाच्या धोक्यासाठी १ च्या खाली कमी, १ ते ३ मधलं, ३ च्या वर जास्त असं धरतात, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. १० च्या वर गेलं तर हृदयाचा हिशोब तेव्हा करायचाच नाही, आधी इन्फेक्शन शोधायचं.

आता बीपीशी संबंध. संबंध आहे, हे खोटं नाही. अमेरिकेत २०५२५ बायकांचा एक मोठा अभ्यास झाला, २००३ साली छापून आला. सुरुवातीला कुणालाच बीपी नव्हतं, सगळ्यांचा सीआरपी मोजून ठेवला आणि पुढे सात-आठ वर्षं पाहिलं. ५३६५ जणींना बीपी झालं. ज्यांचा सीआरपी सगळ्यात वरच्या गटात होता त्यांना तळातल्या गटापेक्षा धोका सुमारे दीडपट निघाला, आणि वजन, सिगारेट वगैरे वजा करून सुद्धा. म्हणजे सीआरपी आधी वाढलेला होता आणि बीपी मागून आलं. भावाने जे पाहिलं असेल ते बहुतेक इथूनच निघालेलं आहे.

पण आधी आला म्हणजे त्यानेच केलं असं होत नाही. काही लोकांचा सीआरपी जन्मापासून, जीन्समुळेच थोडा वर असतो. सीआरपीच बीपी वाढवत असता तर या लोकांचं बीपी पण जास्त निघायला पाहिजे होतं. तसं निघालं नाही. हार्टअटॅकच्या बाबतीतही हाच निकाल आला. मग मोठी परीक्षा झाली २०१७ मध्ये, कँटोस नावाची, दहा हजारांवर पेशंट, सगळ्यांना आधी हार्टअटॅक येऊन गेलेला आणि सीआरपी २ किंवा वर. त्यांना दाह दाबणारं महागडं इंजेक्शन दिलं. सीआरपी धडाधड उतरला, अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं मिळून प्रमाणही मधल्या डोसला १५ टक्क्यांनी कमी झालं, पण बीपी उतरलं नाही. आणि जीवघेणी इन्फेक्शनं थोडी वाढली ती वेगळीच. एवढं जबरी औषध देऊन बीपी हललं नाही, तर डब्यातल्या कॅप्सूलने कसं हलेल, हे भावाला शांतपणे विचारा.

पांझराकाठ
डॉक्टरसाहेब मग दाहाचा आणि बीपीचा काहीच संबंध नाही असं म्हणायचं का? कारण मी तर वाचलं होतं की उंदरांवर प्रयोग झालेत.

गिरणाथडी_डॉक्टर
नाही नाही, तसं अजिबात म्हणत नाही. सीआरपी नावाचं ते प्रोटीन दोषी नाही एवढंच. दाह स्वतः बीपीत हात घालतोच. तुम्ही म्हणता तो उंदरांचा प्रयोग २००७ चा. ज्या उंदरांमध्ये टी आणि बी या दोन्ही लढाऊ पेशी नव्हत्या त्यांना बीपी वाढवणारं अँजिओटेन्सिन दिलं तरी बीपी पाहिजे तेवढं चढलं नाही. टी पेशी परत टाकल्या तर चढलं, बी पेशी टाकून फरक पडला नाही. म्हणजे इम्युन सिस्टीम नुसती बघ्याच्या भूमिकेत नाही.

माणसात काय होतं तर रक्तवाहिनीच्या आतलं नाजूक अस्तर नायट्रिक ऑक्साईड सोडतं, त्याने नळी सैल राहते. दाह असला की ते कमी पडतं, नळी आवळलेली राहते, वर्षानुवर्षं असं चाललं की कडक होते. किडनी मीठ धरून ठेवायला लागते. आणि उलटंही आहे, वाढलेलं प्रेशर भिंतीवर आदळून आदळून तिथं दाह करतं. दोघं एकमेकांना वाढवत नेतात, त्यामुळे 'आधी कोण' याचा निकाल लावत बसून भावाच्या हाताला काही लागणार नाही. टेल्मिसार्टन याच अँजिओटेन्सिनची वाट अडवते. म्हणजे ज्या साखळीची त्याला काळजी आहे, तिच्यावरच ती गोळी काम करते. हे त्याला सांगा, कदाचित पटेल.

कपाशीवाला_पारोळा
मला जसं समजलं तसं सांगतो, चुकलं तर डॉक्टर सांगतील. आपण कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावतो. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की समजायचं अळीने मर्यादा ओलांडली, आता फवारा. आता कुणी म्हणालं की सापळ्यात पतंग दिसतात म्हणून सापळाच काढून टाका तर अळी जाईल का? आणि एका रात्रीच्या पतंगांवरून कुणी पंप उचलत नाही, सलग पाहावं लागतं. सीआरपी म्हणजे सापळ्यातले पतंग, बरोबर ना?

गिरणाथडी_डॉक्टर
अगदी बरोबर आप्पा. आणि ते 'सलग पाहावं लागतं' हे तर मी लिहायचंच विसरलो होतो. सीआरपी एकदा पाहून ठरवायचं नसतं. अंग ठणठणीत असताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करायचा आणि सरासरी धरायची. सर्दी-ताप, डेंग्यू, दाढ सुजलेली, नुकतीच लस घेतलेली, पायाला कोयता लागलेला, काहीही असलं तरी आकडा उडतो.

लॅबवाली_धुळे
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रिपोर्ट काउंटरवर देताना रोज एक घोळ बघते तो सांगते. सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. डेसिलिटरवाल्या रिपोर्टवर ०.४८ लिहिलेलं असतं आणि तेच लिटरमध्ये ४.८ होतं. लोक मागचा रिपोर्ट एका लॅबचा नि आताचा दुसऱ्या लॅबचा घेऊन येतात आणि म्हणतात ताई दहापट वाढलं हो, रडायलाच येतात काही जण. आकड्याच्या शेजारी एकक बारीक अक्षरात असतं, आधी ते पाहा. दुसरं असं की साधा सीआरपी आणि एचएस-सीआरपी यात प्रोटीन एकच, फक्त एचएस बारीक मोजतो. साध्या टेस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी ६ च्या खाली सरळ 'निगेटिव्ह' लिहून देतात, त्यावरून हृदयाचं काही कळत नाही. आणि ईएसआर (रक्तातल्या लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ती टेस्ट) ही तिसरीच गोष्ट, रक्त कमी असलं, वय झालेलं असलं की तो तसाही वर असतो, आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं किती कॉमन आहे ते माहितीच आहे तुम्हाला, त्यामुळे नुसता ईएसआर बघून घाबरू नका.

बोरीकाठ (अमळनेर)
सगळ्यांचे मनापासून आभार. लॅबवाल्या ताई, एकक पाहिलं, लिटरचंच आहे, म्हणजे ४.८ खराच. आज वहिनीशी निवांत बोललो तर एक नवीनच कळलं. भावाला पाठीचा त्रास आहे, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन घेऊन झालेला, आणि तो मेडिकलवरून सुट्या पेनकिलर आणून खातो. पाकीट वहिनीने दाखवलं, डायक्लोफेनॅक आहे. सीझनमध्ये तर रोज रात्री एक, कधी सकाळी पण. डॉक्टरांना त्याने हे सांगितलेलंच नाही, म्हणे ते तर नुसतं दुखण्याचं आहे. आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, तंबाखूची पुडी खिशात असतेच.

गिरणाथडी_डॉक्टर
दादा, ही गोष्ट सीआरपीपेक्षा शंभर पटीने महत्त्वाची आहे, बरं झालं विचारलंत.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफेनॅक, ही सगळी दाह कमी करणारी औषधं आहेत आणि तरी ती बीपी वाढवतात. किडनीत रक्त नीट खेळतं ठेवणारं रसायन ती बंद करतात, मीठ-पाणी अंगात साचतं, प्रेशर चढतं. वर टेल्मिसार्टनसारख्या गोळीचा जोरही कमी करतात. आणि टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि पेनकिलर ही तिन्ही एकत्र आली, त्यात वैशाखातल्या उन्हात घामाने पाणी कमी झालेलं असलं, तर किडनी अचानक बसू शकते. मी असे पेशंट पाहिलेत, शेतातून थेट दवाखान्यात आलेले.

म्हणून भावाच्या म्हणण्यातली गफलत इथंच दिसते. सूज उतरवली की बीपी उतरतं असं असतं तर तो रोज रात्री सूज उतरवायचीच गोळी खातोय, मग १५२ का? स्टेरॉईडचं तर याहून पुढचं आहे. सीआरपी झटक्यात खाली आणि बीपी, साखर दोन्ही वर. आपल्याकडे सांधेदुखीच्या ज्या बिनलेबलच्या पुड्या मिळतात, एका दिवसात आराम पडतो त्या, त्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. त्या कॅप्सूलच्या डब्यावर काय काय लिहिलंय ते कळवा. ज्येष्ठमध असेल तर तेही जास्त दिवस घेतलं की बीपी वाढवतं, पोटॅशियम कमी करतं.

पेनकिलर आजच फेकून द्या असं मी म्हणणार नाही, पाठ खरंच दुखत असेल तर माणूस काम कसं करणार. पण डॉक्टरांना पाकीट नेऊन दाखवा, ते पर्याय देतील. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं, तरी रोज ४ ग्रॅम असं सलग घेतलं तर त्यानेही बीपी थोडं चढतं हे २०२२ च्या एका अभ्यासात दिसलंय, त्यामुळे तेही मोजूनमापून. सोबत क्रिएटिनिन (किडनीची रक्ताची टेस्ट), पोटॅशियम आणि लघवीतलं प्रोटीन एकदा करून घ्या.

हिरड्यांचंही हसण्यावारी नेऊ नका. हिरड्यांचा जुना आजार म्हणजे चोवीस तास चालू असलेला दाह. २०१९ मध्ये पोलंडमधला एक अभ्यास आला, बीपीचे १०१ पेशंट, अर्ध्यांची हिरड्यांची खोलवर ट्रीटमेंट केली, अर्ध्यांची वरवरची. दोन महिन्यांनी खोलवर केलेल्यांचं वरचं बीपी सुमारे ११ ने जास्त उतरलं. अभ्यास छोटा आहे, सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसलेला नाही, म्हणून डेंटिस्टकडे गेलं म्हणजे गोळी सुटली असं नाही. पण दात साफ करून घेण्यात नुकसान तर काही नाही ना. तंबाखू मात्र सुटलीच पाहिजे, ती चालू असली की हिरड्या बऱ्या होणार कशा.

खापरावरची_पुरणपोळी
हिरड्यांवरून आठवलं, आपल्याकडच्या बायकांच्या मिश्रीचं कुणी बोलतच नाही. माझ्या सासूबाई सकाळी चुलीजवळ बसून तव्यावर तंबाखू भाजायच्या, काळी कुळकुळीत झाली की बोटाने दातांना घासायच्या, तासभर तोंडात. हिरड्या पार खाली सरकलेल्या. त्यांना तंबाखू खाता का विचारलं तर नाही म्हणायच्या, मनापासून, कारण मिश्री म्हणजे तंबाखू हे डोक्यातच नाही. डॉक्टर लोकांनी 'मिश्री लावता का' असंच विचारायला पाहिजे.

आणि मिठाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दिवसाला ५ ग्रॅम मीठ म्हणतात, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. आपल्याकडे उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कुरडया वर्षभराचे करून डबे भरून ठेवायचे, पापडखारातही सोडियमच असतं, वर शेवभाजीतली शेव, लोणचं, ठेचा. भरीत-भाकरीबरोबर पण ठेचा पाहिजेच. मी बंद करा म्हणत नाही, माझ्याच्याने होणार नाही, पण बिबडे करताना निम्मं मीठ घालते आता आणि घरात कुणाला कळलं पण नाही. वरणाला फोडणी चांगली बसली, लसूण जास्त घातला की मीठ कमी चालतं.

शहादेकर
मनी मायले संधिवात शे, तिना सीआरपी कायम जास्तच येस, २० नी वर. तिले बीपी बी शे. मंग ते संधिवातनामुये व्हयनं का डॉक्टर? गोया कोन्त्या बंद कराना?

गिरणाथडी_डॉक्टर
दादा, आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. आमवात म्हणजे रुमेटॉईड असेल तर २० चा सीआरपी त्या सांध्यांचा आहे, हृदयाचे ते १-३ चे आकडे मायला लावायचे नाहीत. पण एवढा दाह वर्षानुवर्षं राहिला तर रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, म्हणूनच युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या नियमात आमवाताच्या पेशंटचा हृदयाचा धोका दीडने गुणून धरतात. तिच्या बाबतीत दाह काबूत आणणं हीच हृदयाचीही सेवा आहे. बीपीसाठी मात्र तिच्या गोळ्यांची यादी बघावी लागेल. प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉईडच), पेनकिलर आणि संधिवाताची लेफ्लुनोमाईड ही तिन्ही बीपी वाढवतात. यातलं काही चालू असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना सांगा की बीपी आहे, ते डोस बघतील. प्रेडनिसोलोन अचानक बंद करणं तर फार धोक्याचं. माय कशी आहे, चालता येतं का?

शहादेकर
चालस, पन सकायले तासभर हात वयत नही. आते मुठ बी नीट नही व्हत. प्रेडनिसोलोन शे यादीमा. सोमवारले दखाडी येस.

तोरणमाळ_वारा
एक विचारते, भाचीचं आहे. वय २४, तळोद्याला असते, सडपातळ पोरगी, बीपी १७०/१००. ईएसआर ८०, सीआरपी पण जास्त. घरचे म्हणतात टेन्शनमुळे, लग्नाचं चाललंय म्हणून. अधूनमधून ताप येतो, वजन कमी झालंय, डावा हात काम करताना लवकर भरून येतो म्हणते. गावात बीपीची गोळी दिलीय.

गिरणाथडी_डॉक्टर
ताई, हे थांबायचं प्रकरण नाही. या वयात एवढं बीपी टेन्शनवर ढकलायचं नसतंच, आणि सोबत वाढलेला ईएसआर नि हात भरून येणं. दोन्ही हातांचं बीपी मोजलंय का? दोन्ही मनगटांची नाडी सारखी लागते का? ताकायासू नावाचा आजार असतो, १९०८ मध्ये जपानच्या ताकायासू नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडला. मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीलाच दाह होतो, जास्त करून तरुण मुलींना, आणि आपल्या आशियात जास्त दिसतो. किडनीला जाणारी नळी आवळली की बीपी भडकतं, हाताची आवळली तर त्या हाताची नाडी मंद होते आणि त्या हातात बीपी कमी दाखवतं, त्यामुळे फसगत होते. वर मी सांगत होतो की दाह आणि बीपी यांचं नातं गुंतागुंतीचं आहे, इथं मात्र ते सरळ आहे, दाहानेच नळी अरुंद केली आणि त्यानेच बीपी वाढलं. तिला तोच आजार आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही, किडनीचे आजारही असू शकतात, क्षयरोगही तपासावा लागेल. पण दोन्ही हातांचं बीपी, लघवीची तपासणी, क्रिएटिनिन आणि रक्तवाहिन्यांचं स्कॅनिंग व्हायला पाहिजे. या आठवड्यातच फिजिशियनकडे न्या. मध्येच डोकं फार दुखलं, नजर अंधुक झाली, दम लागला तर त्याच दिवशी ॲडमिट.

तोरणमाळ_वारा
आत्ताच फोन केला, फोन चालू असतानाच बहिणीला मोजायला सांगितलं. उजव्या हातात १७४, डाव्यात १३८. उद्या पहाटेच्या गाडीने जळगावला घेऊन निघतोय.

गिरणाथडी_डॉक्टर
हे आकडे कागदावर लिहून, दोन्ही हातांचे वेगवेगळे, दवाखान्यात पहिल्यांदा तेच दाखवा. गोळी बंद करू नका. तिथून कळवा ताई.

केळीवाला_रावेर
ताई, जळगावला काही लागलं, मुक्कामाला जागा, डबा, तर निरोप टाका. आमचं घर स्टेशनपासून जवळ आहे.

बोरीकाठ (अमळनेर)
कळवायला आलो. भाऊ गेला डॉक्टरांकडे, पेनकिलरचं पाकीट आणि तो डबा दोन्ही घेऊन. डब्यात ज्येष्ठमध निघालं, बंद केलं. डायक्लोफेनॅक पण बंद, पाठीसाठी व्यायाम आणि शेक सांगितलाय आणि पंप पाठीवर घ्यायचा नाही, बॅटरीचा ट्रॉलीवाला बघतोय. टेल्मिसार्टन चालू केली. त्याला पटलं ते कपाशीवाल्या आप्पांच्या सापळ्यामुळे, हे मुद्दाम सांगतो. पोटाचा घेर १०२ सेंटिमीटर भरला, आपल्याकडच्या पुरुषांना ९० पर्यंत चालतो म्हणे, पोटावरची चरबीच आयएल-६ सोडते असं डॉक्टर म्हणाले, तर संध्याकाळी बोरीच्या पुलापर्यंत चालायला लागलाय. सीआरपी पुन्हा करायचा का विचारलं तर म्हणाले त्याची घाई नाही, घरी बीपी मोजून वहीत लिहा. मशीन कुठलं घेऊ? मनगटावरचं स्वस्त मिळतंय.

लॅबवाली_धुळे
मनगटाचं नको, दंडावर बांधायचं घ्या आणि पट्टा भावाच्या दंडाच्या मापाचा आहे ना ते दुकानातच बांधून पाहा, जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा खोटा जास्त येतो. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा, दोन्ही आकडे लिहायचे, चांगला तेवढाच नाही. घरी १३५/८५ च्या खाली राहायला पाहिजे. आणि गोळी परवडत नाही म्हणून कुणाची सुटत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात, कार्ड काढून घ्या.